रान काही लांब नाही

लोकलनं किंवा एस. टी. नं जायचं, पायी हिंडायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं. दारात मोटार नसलेल्या मैत्रिणींसाठी चार सहली आणि त्यांची तयारी.

“एकदा माथेरानला जायचंय हो!” असं म्हणणाऱ्या बायका घरोघरी भेटतात. कुणाच्या लग्नाला वीस वर्षं झाली, पण ते ‘एकदा’ काही अजून उगवलेलं नाही. कारणंही ठरलेली असतात. ह्यांना रजा नाही. मुलीची दहावी आहे. भाऊजींची गाडी मिळाली तर बघू. सासूबाईंना एकटं कसं ठेवायचं? यातलं प्रत्येक कारण खरं असतं, खोटं एकही नसतं. पण सगळी मिळून त्यांची एक सवय होऊन बसते. कुणीतरी नेईल, तेव्हा जायचं!

मैत्रिणींनो, आज मला या सवयीबद्दलच बोलायचं आहे. रानात जायला मोटार लागत नाही, हॉटेलचं बुकिंग लागत नाही आणि नेणारं माणूसही लागत नाही. लागतो तो एक मोकळा दिवस, पायांत धड चपला आणि परतीच्या गाडीची नक्की माहिती. मोकळा दिवस मिळवणं सर्वांत अवघड, हे मलाही ठाऊक आहे. त्याकडे शेवटी येऊच. आधी रान कुठे आहे आणि तिथे पोचायचं कसं, ते पाहू.

लाल गाडी आणि लोकल

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस. टी. धावली. तेव्हापासून ही गाडी शाळेची मुलं, बाजारकरी, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी, अशा सगळ्यांना घेऊन घाट चढते आहे. ती सहलीसाठी सोडलेली नाही हे खरं. पण ज्या वाटेनं ती आडगावाला जाते, ती वाट पुष्कळदा रानातूनच जाते. आपण एक थांबा आधी उतरायचं, एवढंच.

आणखी एक गोष्ट. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस. टी. च्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याआधी २०२२ सालापासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. म्हणजे आई किंवा सासूबाई चालत्याफिरत्या असतील, तर त्यांच्या तिकिटाचा प्रश्नच नाही. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड तेवढं जवळ हवं. या सवलतीमुळे कितीतरी जणी माहेरी नि देवदर्शनाला अधिक वेळा जाऊ लागल्या. मग त्याच अर्ध्या तिकिटात एक दिवस रान का पाहू नये?

पहिली सहल : बोरिवलीचं रान आणि कान्हेरी

मुंबई, ठाणे, वसई या बाजूच्या मैत्रिणींनी सुरुवात इथून करावी. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलं, की पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं मोठं प्रवेशद्वार आहे. शंभरावर चौरस किलोमीटरचं हे रान चहूबाजूंनी शहरानं वेढलेलं आहे. सोमवारी उद्यान बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

दारापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. जाऊन-येऊन चालायचं तर पहिल्या खेपेला पाय बोलू लागतील. त्यापेक्षा आतल्या गाडीनं वर जावं, लेणी पाहावीत आणि उतरताना जमेल तेवढं चालावं. सडक चांगली आहे, दोन्ही अंगांना झाडी आहे. पावसाळा संपता संपता ओढे वाहत असतात आणि गारवा असतो.

कान्हेरीला शंभरहून अधिक लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी इथे वस्ती केली आणि पुढे हजारएक वर्षं ती टिकली. चैत्यगृह, मोठाले खांब, बुद्धमूर्ती हे तर पाहालच. पण आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बायकांनी आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. डोंगरावरून वाहणारं पावसाचं पाणी खोदलेल्या पन्हाळींतून त्यात येई आणि पुढचे आठ महिने पुरे. नळ जायची वेळ झाली म्हणून पिंप भरायला धावणाऱ्या आपल्याला, ही व्यवस्था पाहून बांधणाऱ्याला नमस्कार करावासा वाटतो.

आणि मुंबईकरणींनी हेही ध्यानात घ्यावं, की विहार आणि तुळशी हे तलाव याच रानाच्या कुशीत आहेत. विहार तलाव १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. अजूनही त्यांचं पाणी मुंबईला मिळतं. रान राहिलं म्हणून ते तलाव राहिले.

या डोंगरांवर कारवी नावाचं झुडूप आहे. माणसाच्या उंचीचं, सरळ काठ्यांचं. आदिवासी घरांच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या असतात. ही कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. मग मात्र सगळा डोंगर जांभळा होतो. बोरिवलीच्या रानात ती २०१६ साली फुलली, नंतर २०२४ साली. आता पुन्हा २०३२ साली फुलेल. २०२४ साली जी मुलगी चौथीत होती, ती तेव्हा कॉलेजात असेल. अशा हिशोबानं फुलणारं फूल आपल्या उपनगरी गाडीच्या वाटेवर आहे, आणि आपण ते पाहिलेलं नसतं!

दुसरी सहल : कर्नाळा

पनवेलहून पेण, अलिबागकडे जाणाऱ्या साध्या एस. टी. नं निघालं, की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचा थांबा येतो. कंडक्टरला चढतानाच “कर्नाळा अभयारण्याशी उतरायचंय” असं सांगून ठेवावं. निमआराम आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे थांबतीलच असं नाही, म्हणून गाडीत पाय ठेवण्याआधी विचारलेलं बरं.

१९६८ साली हे पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून राखलं गेलं. मधोमध किल्ला आहे आणि किल्ल्याच्या डोक्यावर अंगठ्यासारखा एक उंच सुळका. किल्ल्यावर जायला तासाहून जास्त चढ आहे. वाट दाट झाडीतून जाते, पण शेवटी दमवते. ज्यांना चढ नको, त्यांच्यासाठी खालच्या झाडीतून पायवाटा आहेत. हरियाल या पक्ष्याचं नाव दिलेली एक वाट आहे. हरियाल म्हणजे हिरवं कबुतर, आपल्या राज्याचा पक्षी. पिंपळ, उंबर, वड यांची फळं पिकली की थव्यानं येतो, पण पानांत असा मिसळून जातो की उडाल्यावरच कळतं.

इथे एक गंमत सांगते. पावसाच्या तोंडाशी गेलात आणि ओढ्याकाठून एखादा रिकामटेकडा पोरगा शीळ घालतोय असं वाटलं, तर कपाळाला आठ्या घालू नका. तो शीळकरी कस्तुर नावाचा पक्षी असतो. काळानिळा, साळुंकीहून थोडा मोठा. त्याची शीळ हुबेहूब माणसाची वाटते.

कर्नाळ्याच्या सुळक्याला मधमाश्यांची आग्या मोहोळं असतात. तिथे आरडाओरडा नको, धूर नको, अंगाला अत्तर नको आणि मुलांच्या हातात दगड तर मुळीच नको. परतताना गाडीसाठी मुंबई–गोवा हायवेच्या पलीकडे जावं लागतं. वाहनं भरधाव येतात. मुलांचा हात धरून, दोन्हीकडे पाहून, सगळ्यांनी मिळूनच ओलांडा.

तिसरी सहल : ते ‘एकदा’चं माथेरान

माथेरानला मुक्काम करायलाच हवा असा आपला एक समज आहे. कर्जत लोकलनं नेरळ गाठलं, तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. नेरळहून वर जायला १९०७ साली सुरू झालेली झुकझुकगाडी आहे. तिची तिकिटं थोडी आणि मागणारे फार, शिवाय पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. पण तिच्यावर अडून बसू नका. स्टेशनाबाहेर माणशी भाडं घेणाऱ्या टॅक्स्या मिळतात, त्या दस्तुरी नाक्यापर्यंत सोडतात. त्यापुढे मोटारींना बंदी आहे.

आणि खरी मजा तिथूनच आहे! दस्तुरीहून बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटरची वाट रुळांच्या कडेनं, गर्द सावलीतून जाते. जांभूळ, हिरडा, अंजनी अशी झाडं वरून छत धरतात. चैत्र-वैशाखात अंजनीच्या फांद्यांना निळीजांभळी फुलं चिकटतात. मोटारीचा भोंगा नाही, धूर नाही. कितीतरी वेळ फक्त आपल्या पावलांचा आवाज येत असतो. ज्यांच्या घरात सकाळी कुकरच्या शिट्टीपासून रात्री टीव्हीच्या बातम्यांपर्यंत आवाज थांबत नाही, त्यांना ही शांतता पहिल्यांदा चमत्कारिकच वाटते. मग हवीशी वाटू लागते.

एका दिवसात सगळे ‘पॉइंट’ पाहायचा हट्ट धरू नये. एखादा कडा, नंतर शार्लट तलाव आणि झाडाखाली बसून डबा, एवढं पुरे. माकडं मात्र अट्टल आहेत. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती खाऊचीच, अशी त्यांची खात्री असते. खाण्याचं सामान पाठीवरच्या कापडी पिशवीत, बंद डब्यात ठेवा आणि त्यांना खायला घालू नका.

एक घरगुती सूचनाही करते. माथेरानची माती जांभ्याची, लालभडक. पांढरी साडी किंवा फिकी सलवार नेसून-घालून गेलात, तर काठ कायमचा गुलाबी होईल. गडद रंगाचे कपडे घाला. माती लागलीच तर ओल्या हातानं चोळू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग गार पाण्यात साबण घालून भिजवा. डाग बराच निघतो.

चौथी सहल : कासचं पठार

आतापर्यंतची रानं झाडीची झाली. पण झाड नसलेलंही रान असतं. कोकणात त्याला सडा म्हणतात, देशावर माळ किंवा पठार. उन्हाळ्यात तिथे गेलं तर वाटतं, इथे आहे काय? काळा-तांबडा कातळ आणि वाळलं गवत. आणि तीच जागा भाद्रपदात पाहिली, तर डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

साताऱ्याच्या स्टँडवरून बामणोलीकडे जाणारी एस. टी. कासवरूनच जाते. अंतर साधारण पंचवीस किलोमीटर, उंची सुमारे बाराशे मीटर. साताऱ्याला येण्यासाठी पुण्याच्या स्वारगेटहून गाड्या सारख्या असतात. त्यामुळे पुण्याच्या मैत्रिणींनाही पहाटे निघून रात्री परत येणं जमतं. फुलांचा हंगाम ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. हंगामात प्रवेशाला शुल्क आहे, आणि रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे. नोंदणी मोबाइलवरून आधी करावी लागते. घरातल्या मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत करून देईल. शनिवार-रविवार टाळून मधला वार निवडला, तर गर्दीच्या डोक्यांऐवजी फुलं दिसतील.

इथे झाडं का नाहीत? खाली काळा पाषाण, त्यावर जांभ्याचा थर आणि त्यावर माती जेमतेम काही बोटं. पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबतं आणि पावसाळा सरला की कोरडं ठणठणीत होतं. मोठ्या झाडाची मुळं धरणार कुठे? म्हणून इथे जे उगवतं ते वीतभर उंचीचं, आणि ज्याला घाईनं फुलून, बी धरून मोकळं व्हायचं आहे असं. तेरड्याचे गुलाबी पट्टे, सोनकीची पिवळी चादर, गेंदाची पांढरी बटणं. ‘सीतेची आसवं’ नावाचं एक निळंजांभळं नाजूक फूल आहे. दिसायला इतकं गरीब, पण ते किडे खातं! मातीत कस कमी, म्हणून मुळांजवळच्या बारीक पिशव्यांत चिमुकले जीव पकडून ते आपलं पोषण करतं. तुटपुंज्या पगारात संसार उभा करणाऱ्या बाईला हे कसब नवं नाही.

पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आल्या, त्यांत कास आहे. इथे फुलात बसून फोटो काढायचा मोह आवरा. आपण जिथे बसतो, तिथली बोटभर माती दबते आणि पुढच्या वर्षी त्या जागी काही येत नाही. आखलेली पायवाट सोडू नका. फुलं पाहून झाली की कास तलावाकडे जरा चाला. साताऱ्याच्या घरांत जाणारं पाणी याच तलावाचं.

तुमच्या गावाजवळ काय आहे?

मुंबई-पुण्याजवळच रान आहे असं मुळीच नाही. पुण्यात तर गावातच वेताळ टेकडी आहे, पीएमपीच्या बसनं पायथा गाठता येतो. सिंहगडाच्या पायथ्यालाही पीएमपीची बस जाते. नाशिककरणींना पांडवलेण्यांचा डोंगर आहे. कोल्हापूरहून पन्हाळ्याला, छत्रपती संभाजीनगरहून म्हैसमाळला, अमरावतीहून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला एस. टी. जाते. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या मैत्रिणींच्या तर घरामागेच सडा असतो. श्रावणात तो फुलतो, आणि आपण त्याच्या कडेनं बाजाराला जातो नि येतो. आधी जवळच्या टेकडीवर दोन-तीन सकाळी चालून पाहा. दम किती टिकतो, चपला कुठे चावतात, ते घराजवळच कळलेलं बरं.

परतीची गाडी आधी विचारा

सगळ्या सहलीचं सूत्र या एका ओळीत आहे. जायला गाड्या पुष्कळ असतात, अडतं ते परतताना. म्हणून निघण्याआधी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीशी तीन प्रश्न विचारायचे. शेवटची गाडी किती वाजता? ती तिथूनच सुटते की पुढच्या गावाहून भरून येते? आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी ती असते का? कारण कितीतरी फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात, शाळा नाही त्या दिवशी गाडीही नाही.

संध्याकाळी वरच्या गावाकडे जाणारी गाडी दिसली, की “चला, तीच परत येईल” असं धरून चालू नका. ती मुक्कामी गाडी असू शकते. ती रात्री गावातच राहते आणि सकाळी उलटी फिरते. उतरताना कंडक्टरला पुन्हा एकदा विचारा. तो रोज त्या वाटेनं जातो, त्याच्याइतकं खरं वेळापत्रक भिंतीवरही नसतं. आणि नियम असा ठेवा : शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी, ती आपली गाडी. शेवटची ही फक्त अडीअडचणीला. लोकलनं जाणाऱ्यांनी रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी पाहून ठेवावा.

डबा आणि पिशवी

रानात भूक जास्त लागते आणि अन्न लवकर बिघडतं. ओल्या खोबऱ्याची चटणी, कांदा-बटाट्याची रस्सेदार भाजी, दहीभात हे घरीच ठेवा. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गुळाचा खडा, काकडी, पेरू यांवर दिवस मजेत निघतो. ज्यांना गाडी लागते, त्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी आणि रिकाम्या पोटी बसू नये.

पायांत रोजच्या सवयीचे कॅनव्हासचे किंवा खाचा असलेल्या तळव्यांचे बूट. नवे कोरे बूट सहलीच्या दिवशी घालू नयेत. साडी नेसणार असाल तर जरा उंच आणि घट्ट नेसा. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी घरी ठेवून रुमाल घ्या, काट्यांत अडकत नाही. छत्रीऐवजी रेनकोट, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. सुटे पैसे, बँडेजची पट्टी, रोजची औषधं, चार्ज केलेला फोन. डोंगरात फोनला रेंज नसते, म्हणून कुठे जातो आणि कोणत्या गाडीनं परतणार ते घरी कागदावर लिहून ठेवा.

आता जे सहसा छापलं जात नाही, तेही लिहिते. “जागा मिळेल न मिळेल” म्हणून कितीतरी जणी प्रवासात पाणीच पीत नाहीत. उन्हात चालायचं आणि पाणी प्यायचं नाही, यानं चक्कर येते, लघवीला जळजळ होते आणि सहलीचं नाव नको होतं. स्टँडवर, स्टेशनवर, उद्यानाच्या दाराशी जिथे सोय असेल, तिथे गरज वाटो न वाटो जाऊन यावं. पाळीचे दिवस असतील तर जादा पॅड, जुनं वर्तमानपत्र आणि एक बंद होणारी पिशवी घ्या, आणि सगळं परत घरी आणा. पाणी मात्र तासातासाला प्या. लिंबू, साखर, मीठ घातलेलं असेल तर उत्तम.

भीती कशाची धरायची?

बिबट्याची पहिली विचारणा होते. बोरिवलीच्या रानात बिबटे आहेत, पण दिवसा, माणसांच्या घोळक्यात, मळलेल्या वाटेवर तो सहसा समोर येत नाही. अंधार पडायच्या आत बाहेर पडायचं, मुलांना पुढे-मागे धावू द्यायचं नाही, एकटीनं आडवाटेला जायचं नाही.

खरी भीती धरायची ती पाण्याची. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत लहान मुलं होती. वर डोंगरात पाऊस पडला, की खाली ऊन असतानाही ओढा क्षणात फुगतो. तेव्हा पावसाळ्यात ओढा आणि धबधबा काठावरूनच पाहायचा. “नुसते पाय भिजवू” हेसुद्धा नको. कुणी हसलं तर हसू द्या.

माणसांची भीती? त्यावर उपाय सोबत. दोघींपेक्षा चौघी बऱ्या. रविवारी या सगळ्या वाटांवर वर्दळ असते, पहिल्या सहली रविवारीच ठेवाव्यात. कासच्या गर्दीतून सुटायला मधला वार धरावा, तो चौघींची सवय झाल्यावर.

वाटेवरच्या बायका

रानाच्या तोंडाशी ठाकर, कातकरी, वारली बायका टोपली घेऊन बसलेल्या दिसतील. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं. पहिल्या पावसात शेवळं. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टोली. पहाटेपासून हिंडून त्यांनी ते गोळा केलेलं असतं. मॉलमध्ये आपण घासाघीस करत नाही, इथेही करू नये. भाजी कशी करायची ते त्यांनाच विचारा, आनंदानं सांगतात. शेवळं घेतलीत तर सोबत काकडं नावाची आंबट फळं मागून घ्या. त्यांच्याशिवाय शेवळं शिजवली तर घशाला खाज सुटते. टाकळ्याची मात्र कोवळी पानंच निवडा आणि लसणाची फोडणी सढळ हातानं घाला.

आणि घरचं काय?

आता त्या मोकळ्या दिवसाकडे येऊ. “आई, तू नसलीस तर आम्ही जेवायचं काय?” हा प्रश्न येणारच. आदल्या रात्री कणीक भिजवून, भाजी चिरून, आमटी करून, पहाटे चारला उठून पोळ्या लाटून मग सहलीला निघालात, तर गाडीत बसल्याबरोबर डोळे मिटतील आणि रान पाहायचं राहून जाईल. त्यापेक्षा आठ दिवस आधी सांगून ठेवा : “अमक्या रविवारी मी नाही. डाळ-तांदूळ कुठल्या डब्यात आहेत ते बघून ठेवा.” घरची माणसं खिचडी करतील. थोडी लागेल, मीठ कमी पडेल. एका दिवसानं कुणाचं काही बिघडत नाही. उलट, कुकरला किती शिट्ट्या द्यायच्या हे घरातल्या आणखी एका माणसाला कळतं.

सासूबाई आजारी असतील, मूल तान्हं असेल, तर अर्थातच दिवस पुढे ढकलावा लागेल. पण पुढे ढकलणं वेगळं आणि कधीच न ठरवणं वेगळं. वर्षाला एक लांबची मोठी सहल काढण्यापेक्षा दोन महिन्यांनी एक अशी छोटी सहल चांगली. खर्च थोडा, पायांना सवय लागते आणि घरालाही सवय लागते. दुसऱ्या खेपेला प्रश्न कमी येतात. तिसऱ्या खेपेला मुलगीच विचारते, “आई, या वेळी मीही येऊ?”

ज्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा आणि गॅसची तारीख लिहितो, त्याच्यावरच पुढच्या महिन्यातल्या एका रविवारभोवती आज गोल काढून ठेवा. दोघी-तिघींना निरोप पाठवा. आणि बाजारात जाताना वाकडी वाट करून स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी जा नि विचारा, “परतीची शेवटची गाडी किती वाजता?”